वेबसाइट रखडते, डेव्हलपर दोनच दिवस

प्रश्न : आमची विक्रीची वेबसाइट मोबाइलवर रखडत उघडते. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग-चाचणीवर १०० पैकी ४१ गुण मिळतात आणि खाली सुधारणांची भलीमोठी यादी येते. डेव्हलपर महिन्यातून दोनच दिवस मिळतो. कामाला हात कुठून घालावा?

उत्तर : यादी तूर्त मिटून ठेवा. ते ४१ गुण मुद्दाम मंद केलेल्या चाचणीचे आहेत. पुरेशी वर्दळ असेल, तर त्याच पानावर वरच्या बाजूला खऱ्या वापरकर्त्यांची मागच्या २८ दिवसांची आकडेवारी दिसते. निर्णय तिच्यावर घ्या. मुख्य मजकूर किंवा चित्र दिसायला लागणारा वेळ (एलसीपी) २.५ सेकंदांच्या आत हवा, टॅपला मिळणारा प्रतिसाद (आयएनपी) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि मांडणीचं हलणं (सीएलएस) ०.१ पर्यंत. शंभरातल्या ७५ भेटींत हे जमलं की पास. नापास आकड्याशी ज्यांचा संबंध नाही, ती कलमं यादीतून सरळ खोडा.

पानाचा प्रकारही एकच धरा. होमपेजवर सगळ्यांचाच जीव असतो, पण लोक बहुधा शोधातून थेट वस्तूच्या पानावर उतरतात. ॲनालिटिक्समध्ये खात्री करून घ्या. ते टेम्प्लेट (सामाईक साचा) सुधारलं की सगळ्याच वस्तूंची पानं सुधारतात.

समजा, एलसीपी ४ सेकंद आहे. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधलीच पान तपासायची साधनं) परफॉर्मन्स टॅबवर त्याची फोड मिळते. समजा ती अशी निघाली : सर्व्हरचं पहिलं उत्तर ०.६ सेकंद, चित्र मागवायला झालेला उशीर २.१, ते उतरायला ०.९ आणि पडद्यावर यायला ०.४. आता चित्र वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलून निम्म्या वजनाचं केलंत, तरी वाचणार जेमतेम अर्धा सेकंद. खरा खोळंबा मागवण्यात आहे. एक तर सरसकट सगळ्या चित्रांना लेझी लोडिंग (पडद्याजवळ येईपर्यंत चित्र न मागवणं) लावलेलं असतं, नाहीतर मुख्य चित्र सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या स्टाइलशीटमध्ये) बॅकग्राउंड म्हणून दडलेलं असतं आणि स्टाइलशीट वाचून होईपर्यंत ब्राउझरला त्याचा पत्ताच नसतो. चित्र साध्या इमेज टॅगमध्ये आणा, त्याचं लेझी काढा, फेचप्रायॉरिटी (मागवण्याचा अग्रक्रम) ‘हाय’ करा. हे त्या एकाच चित्राला. पाच चित्रांना ‘हाय’ दिलं, तर बँडविड्थसाठी पाचही एकमेकांशी भांडतात.

सर्व्हरचंच उत्तर दोन सेकंदांनी येत असेल, तर मात्र चित्रांना हातही लावू नका. आधी पेज कॅशिंग, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच देणं.

प्रश्न : चॅटचं बटण आणि ट्रॅकिंगच्या स्क्रिप्ट काढायला मार्केटिंग विभाग तयार नाही. निदान ‘डिफर’ लावून भागेल का?

उत्तर : थोडंफार. डिफर लावल्याने पान उभं राहताना अडत नाही, पण स्क्रिप्टचं काम कमी होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. मेन थ्रेडवर (ब्राउझर पानाची कामं एकामागून एक करतो ती रांग) ५० मिलिसेकंदांहून लांबलेलं प्रत्येक काम तेवढा वेळ टॅप अडवून धरू शकतं.

वाद घालण्यापेक्षा मोजा. डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या स्क्रिप्टवर उजवं क्लिक करून तिचं डोमेन ब्लॉक करा. आधी आणि नंतर पाच-पाच वेळा चाचणी घेऊन मधला आकडा धरा, कारण एकेका फेरीत फरक पडतोच. प्रत्येक स्क्रिप्टसमोर तिचे मिलिसेकंद लिहून तो कागद बैठकीत ठेवा. चॅटसाठी मधला मार्ग आहे : आधी बटणाचं नुसतं चित्र दाखवायचं आणि टॅप झाल्यावरच स्क्रिप्ट मागवायची. वापरकर्त्यांच्या आकडेवारीत बदल पूर्ण उतरायला २८ दिवस जातात. तोवर तिथले आकडे बघून केलेलं काम मागे घेऊ नका.