भाडं कुणाचं ते नंतर, आधी तारीख बघा

बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या चार खोल्यांचा प्रश्न आहे. नाव सांगत नाही, पण पिरनवाडीपासून कंग्राळीपर्यंत थोड्याफार फरकाने हेच विचारणारे लोक मला दर महिन्याला भेटतात, म्हणून इथेच उत्तर देतो. या गृहस्थांनी 10 ऑक्टोबर 2023ला साडेनऊ लाखांत चार पत्र्याच्या खोल्यांचं संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन पुढे खरेदी करायचा करार, केलं, दोनशेच्या बाँडवर, नोटरी करून. आठ लाख दिले, त्यातले सहा रोख. खोल्या ताब्यात घेतल्या, दोन उद्यमबागच्या कामगारांना आणि दोन व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या, पोरांना दिल्या, बसल्या जागी महिन्याला दहा हजार सुरू. खरेदीपत्र तेवढं राहिलं. मालक म्हणायचे ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, होऊ दे, मग करू. आता मालक वारले आणि त्यांची दोन मुलं भाडेकरूंना सांगून गेली की भाडं यापुढे आमच्याकडे. प्रश्न असा, "वकीलसाहेब, भाड्यावर कायदेशीर हक्क कुणाचा?"

अहो, भाड्याचं काय घेऊन बसलात! जागाच अजून तुमची झालेली नाही. संचकारपत्राने मालकी येत नाही हे आता नव्याने सांगायला नको. तुम्ही फोटो पाठवलाय त्यातलं चौथं कलम परत वाचा: "आजपासून अकरा महिन्यांचे आत लिहून देणार यांनी ई-खाता करून घेऊन खरेदीपत्र करून द्यावे." सगळं या एका ओळीवर आहे. लिमिटेशन कायद्याचं, म्हणजे दाव्याच्या मुदतीच्या कायद्याचं, आर्टिकल 54 सांगतं की खरेदीपत्र करून मागण्याचा दावा तीन वर्षांत घालायचा, आणि ही तीन वर्षं करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिलेला तुम्हाला कळल्यापासून. आता तुमच्या ओळीत दोन्ही आहे, अकरा महिने पण आहेत आणि ई-खाता पण आहे. त्या मुलांचा वकील ओळीचा पहिला भाग वाचून दाखवणार, आपण दुसरा, की बाबा खाता झालाच नाही तर तारीख आली कुठून. आपलं म्हणणं चुकीचं नाही, पण त्याच्या भरवशावर मी तरी झोपणार नाही. पहिला भाग धरून हिशोब करा. अकरा महिने म्हणजे 10 सप्टेंबर 2024, त्यापुढे तीन वर्षं म्हणजे 10 सप्टेंबर 2027. त्यानंतर एक दिवस जरी गेला तरी आठ लाख दिल्याच्या पावत्या नुसत्या कपाटात ठेवायच्या. मालकाचे "थांबा, करू या" असे व्हॉट्सअप मेसेज आहेत म्हणता, ते जपून ठेवा, पण मेसेजने मुदत वाढली असं मी छातीठोक सांगणार नाही. एक सही केलेला कागद घेतला असता त्यांच्याकडून, "मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवली" एवढाच, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. महिन्याच्या महिन्याला भाडं आणायला जात होतात ना तिथे? मालकाचं घर समोरच होतं.

म्हणजे 2027पर्यंत निवांत बसा असंही नाही. मुलांनी जागा तिसऱ्याला विकली आणि त्याने मला काय माहीत म्हटलं की तो आणखी एक वाद, जरी तुमचे भाडेकरू तिथे राहतायत ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सगळ्या वारसांना स्पीड पोस्टाने नोटीस आधी जाऊ दे. सगळ्या म्हणजे सगळ्या. तुम्ही दोन मुलं लिहिलीत, मालकांची बायको आहे का? मुली आहेत का? मुली लग्न होऊन चंदगडला गेल्या तरी वारसच असतात. एक वारस राहिला की सात वर्षांनी अपिलात कोणीतरी तेच काढतो, मग धारवाडला हायकोर्टात खेपा, आणि तोवर पत्रे गंजून खाली येतात.

ताब्याबद्दल एक वाईट बातमी. "खोल्यांचा ताबा आजच दिला" हे सातवं कलम तुम्हाला फार भारी वाटत असेल, पण 2001च्या सप्टेंबरनंतर रजिस्टर न केलेल्या करारावर ताब्याचं संरक्षण मिळत नाही, आणि वर कर्नाटकात ताबा दिलेल्या कराराला खरेदीपत्राएवढीच स्टँप ड्यूटी लागते. पाच टक्क्यांनी धरली तरी साडेसत्तेचाळीस हजार होतात, बाजारभाव जास्त निघाला तर अजून. कोर्टात कागद तसाच हजर केला तर दंड दहापट आणि त्यात सूट द्यायचा अधिकार कोर्टाला नाही. आधी जिल्हा रजिस्ट्रारकडे नेलात तर दंड कमी होऊ शकतो, किती ते त्यांच्यावर. हे दाव्याच्या आधी करा, पण त्यासाठी दावा लांबवू नका.

रोख सहा लाखांचं पण ऐका. बेंगळुरूच्या एका जागेच्या खटल्यात 2025च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दाव्यात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचं आलं तर कोर्टाने इन्कम टॅक्सला कळवायचं. तेव्हा पैसा कुठून आला ते सीएला आधी सांगून ठेवा.

भाडेकरूंचं काय? तुमच्या नावाचे भाडेकरार, हेस्कॉमची वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या गोळा करा, दाव्याबरोबर मनाईहुकूम मागू, मिळेल न मिळेल. भाडेकरू पोरांना दमदाटी करू नका, ती उद्या तुमचे साक्षीदार आहेत.

आणि शेवटी तुम्ही विचारलंय की शेजारची पाचवी खोली पण बाँडवर स्वस्तात मिळतेय, घेऊ का. नाही. राहिलेले दीड लाख त्यात घालू नका. आपण पहिल्यापासून पैसे द्यायला तयार होतो हे तुम्हाला सिद्ध करायचंय, आणि त्याला तुमचं पासबुक लागणार आहे. ते आजच भरून घ्या आणि घेऊन या.