एन मापाच्या इंजिनाला नॅरोगेजचा साज

प्रश्न : माझ्याकडे एन मापाचे, सहा चाकांचे वाफेच्या इंजिनाचे मॉडेल आहे. टेबलावरच्या छोट्या मांडणीसाठी त्याचे माथेरानच्या धर्तीचे नॅरोगेज इंजिन करता येईल का?

उत्तर : अवश्य करता येईल, कारण एन मापाच्या रुळांतले 9 मिमी अंतर 1:76 या प्रमाणात (म्हणजे मॉडेल खऱ्याच्या 76 पट लहान धरल्यास) 684 मिमी भरते, आणि माथेरानचे खरे अंतर 610 मिमी असले तरी हा फरक नजरेला फारसा खुपत नाही. चेसिस तीच ठेवून वरचे कवच प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून नव्याने करावे. खरी गोम केबिनमध्ये आहे : 1:76 प्रमाणातला ड्रायव्हर सुमारे 22 मिमी उंच असतो, त्यामुळे एन मापाच्या, याहून लहान प्रमाणातली जुनी केबिन ठेवल्यास त्याचे डोके छपराबाहेर येईल. तीव्र वळणावर इंजिन अडत असल्यास मधल्या चाकांचे फ्लँज (रुळावरून घसरू न देणाऱ्या बाहेर आलेल्या कडा) घासून काढावेत. माथेरानसाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने बांधलेल्या इंजिनांत टोकाच्या चाकांचे आस पोकळ ठेवून त्यांना वळणानुसार सरकण्याची मुभा दिली होती. ती करामत एवढ्याशा मॉडेलात उतरवण्याच्या फंदात मात्र पडू नये. रुळांवरची पकड वाढवण्यासाठी आत शिशाचे तुकडे चिकटवावेत, पण ते मोटरीच्या जोडण्यांना टेकू देऊ नयेत, अन्यथा शॉर्टसर्किट होईल.