बसमार्ग मध्येच तोडला, मोठी गाडी जाऊन छोटी आली: हे कोण ठरवतं आणि आपण काय मागायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घराजवळून थेट कामाच्या ठिकाणी जाणारी बस आता रेल्वे स्टेशनपर्यंतच येते, पुढे दुसरी बस धरावी लागते. वर बारा मीटरची गाडी काढून छोटी वातानुकूलित गाडी लावली आहे. हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि मोठी गाडी परत मिळवायची तर काय करावं?

एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात मी बरीच वर्षं वेळापत्रकाच्या टेबलावर काढली, म्हणून थेट मुद्द्याचं सांगतो. मोठी गाडी परत मागण्यात ताकद घालवू नका. दोन गाड्यांमध्ये किती मिनिटं जातात ते विचारा आणि त्यावरच अडून बसा. गाडी लांब असावी की आखूड, हा त्यानंतरचा प्रश्न.

मार्ग का तोडतात, ते आधी बघू. टेबलावर बसलेला माणूस एकच गणित करत असतो. गाडी एका टोकाहून सुटून परत त्याच टोकाला यायला ८० मिनिटं लागत असतील आणि दर १० मिनिटांनी गाडी हवी असेल, तर त्या मार्गावर ८ गाड्या लागतात. उद्या रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, गर्दी वाढली, आणि तोच फेरा ११० मिनिटांचा झाला. १० मिनिटांचं अंतर टिकवायचं तर ११ गाड्या हव्यात. त्या नसतात. मग त्याच ८ गाड्यांत जवळजवळ १४ मिनिटांना एक गाडी पडते, आणि तीही कागदावर. प्रत्यक्षात लांब मार्गावर पुढची गाडी अडकली की मागच्या दोन तिला येऊन मिळतात. थांब्यावरच्या माणसाला अर्धा तास काही दिसत नाही आणि मग एकदम तीन दिसतात, त्यातल्या दोन रिकाम्या.

यावर टेबलाकडे एक सोपा इलाज असतो: मार्ग कापायचा. अर्धा मार्ग ५० मिनिटांच्या फेऱ्याचा झाला की ५ गाड्यांत १० मिनिटांचं अंतर परत येतं, उरलेल्या ३ गाड्या पुढच्या तुकड्यावर जातात. गाड्या वेळेवर धावू लागतात, रद्द फेऱ्या कमी होतात, अहवाल चांगला दिसतो. हा इलाज खोटा नाही. नुकसान होतं ते गाडी बदलणाऱ्याचं, आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. स्टेशनवर उतरायचं, रस्ता ओलांडून दुसऱ्या थांब्यावर जायचं, तिथे परत वाट बघायची आणि परत तिकीट काढायचं. मुंबईत जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपये झालं होतं, मे २०२५ मध्ये ते साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झालं. किमान भाडं वाढलेलं असताना मार्ग तोडला तर ते किमान भाडं प्रवाशाला दोनदा भरावं लागतं. पासवाल्याला याची झळ लागत नाही. ज्याच्या हातात महिन्याच्या पासाचे पैसे एकरकमी नसतात, त्याला लागते. मार्ग तोडायचाच असेल तर ठरावीक वेळेत दुसरी बस त्याच तिकिटावर चालली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्ग बदलण्याचं दुसरं कारण म्हणजे पूल आणि पाणी. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. शीवचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ पासून बंद केला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गाड्यांना अशा वेळी लांबचा वळसा घेण्यावाचून गत्यंतर नसतं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की गाड्या दुसरीकडून वळतात, ते तर प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे. पाणी ओसरलं की गाडी जुन्या वाटेला लागते. पुलासाठी केलेला वळसा मात्र दीड-दोन वर्षं चालतो. तोपर्यंत जुन्या वाटेवरचे प्रवासी शेअर रिक्षाला लागलेले असतात, आणि मग ‘तिकडे आता प्रवासी नाहीत’ असा शेरा मारून फाइल बंद करणं सोपं जातं. तुमच्याकडचा बदल पुलाच्या किंवा मेट्रोच्या कामामुळे झाला असेल, तर काम संपल्याची तारीख लक्षात ठेवा आणि त्याच आठवड्यात अर्ज द्या.

आता गाडीकडे वळू. मार्गाचा अभ्यास करून त्याला शोभेल ती गाडी निवडतात, असं लोकांना वाटतं. तसं व्हायला हवं, पण होतं बहुतेक उलटं. गाड्या आधी येतात आणि त्यांना मार्ग नंतर शोधतात. याचं मूळ ठेक्यात आहे. आज मुंबईची बेस्ट काय, पुण्याची पीएमपीएमएल काय, बऱ्याच गाड्या भाडेतत्त्वावर घेतात. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, आणि पैसे चालवलेल्या किलोमीटरवर. गाडीत पाच माणसं असोत की पंचावन्न, ठेकेदाराचा दर तोच. शिवाय दिवसाला अमुक इतके किलोमीटर देऊच, अशी हमी करारात असते. गाडी कमी धावली तरी हमीचे पैसे द्यावे लागतात. मग कोंडीत अडकणाऱ्या मधल्या वस्तीपेक्षा मोकळ्या रस्त्याचा मार्ग हिशेबाला बरा वाटतो, कारण किलोमीटर लवकर भरतात. मार्गाचं वळण बदलण्यामागे हेही एक कारण असतं, आणि ते जाहीर सूचनेत कधी छापत नाहीत.

विजेच्या गाड्यांनी यात आणखी एक अट घातली. डिझेलची किंवा सीएनजीची गाडी एका आगारातून काढून दुसऱ्या आगाराला देता येते. विजेची गाडी चार्जर जिथे आहेत त्याच आगाराला बांधलेली असते. एका चार्जिंगमध्ये ती साधारण दीडशे-दोनशे किलोमीटर जाते, त्यामुळे दुपारी तिला परत आगारात यावं लागतं. आगार दूर असेल तर येण्या-जाण्याचे डेड किलोमीटर, म्हणजे प्रवाशांविना धावलेलं अंतर, अंगावर पडतात. चार्जर असलेल्या आगाराच्या जवळचे मार्ग त्यामुळे आधी विजेचे होतात. तुमच्या मार्गावर विजेची गाडी आली की नाही, याचा तुमच्या वस्तीच्या गरजेशी फार थोडा संबंध असतो.

छोट्या गाडीबद्दल मात्र सरसकट राग धरू नका. पुण्यात जुलै २०२१ मध्ये ‘पुण्यदशम’ सुरू झाली: पेठांमधून फिरणाऱ्या छोट्या गाड्या आणि दिवसभराच्या प्रवासाला १० रुपये. शनिवार-नारायणच्या रस्त्यांवर बारा मीटरची गाडी वळवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही निवड का योग्य होती ते सांगायला नको. गल्ली अरुंद, अंतर कमी, माणसं दिवसभर थोडी थोडी चढणार-उतरणार, अशा ठिकाणी छोटी गाडीच हवी. पण तिच्यात माणसं कमी मावतात, म्हणजे ती जास्त वेळा यायला हवी. बारा मीटरची गाडी १५ मिनिटांनी येत होती आणि तिच्या जागी निम्म्या माणसांची गाडीही १५ मिनिटांनीच येत असेल, तर ती सरळ कपात आहे. तुमच्याकडे हेच झालं असावं, असा माझा अंदाज आहे.

छोट्या गाडीने पैसे फार वाचतात, हाही समज तपासून घ्यायला हवा. चालक एकच लागतो, वाहक असेल तर तोही एकच. रस्त्यावर कोंडी तीच. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत (ऑगस्ट २०२३) प्रति किलोमीटर मदत ठरली ती बारा मीटरच्या गाडीला २४ रुपये, नऊ मीटरला २२ आणि सात मीटरला २० रुपये. कोल्हापूर, सोलापूर, अमरावती अशी शहरं या योजनेत आहेत, तिथल्या लोकांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत. सात मीटरच्या गाडीत बारा मीटरच्या गाडीची निम्मी माणसंही जेमतेम मावतात, मदतीतला फरक मात्र ४ रुपयांचा. गर्दीच्या मार्गावर छोटी गाडी घालणं म्हणजे दर माणशी खर्च वाढवून घेणं.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती थांब्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही: दार. सकाळी पावणेनऊला स्टेशनबाहेरच्या थांब्यावर छोटी गाडी लागते. दार एकच, पुढे. आतून सहा-सात जण उतरायचे आहेत, बाहेर पंधरा-वीस चढायला उभे. पहिली बाई पायरीवर पिशवी ठेवते, मागचा माणूस तिच्या खांद्यावरून दांडा धरतो, आतला विद्यार्थी दप्तर पोटाशी घेऊन वाट बघतो. आतली बोळ इतकी चिंचोळी की एक जण उभा राहिला की दुसऱ्याला मागे जाता येत नाही. मागे चार जागा रिकाम्या आणि दाराशी चेंगराचेंगरी, असं चित्र मी कित्येकदा पाहिलं आहे. दोन दारांच्या मोठ्या गाडीत एका दाराने चढणं आणि दुसऱ्याने उतरणं एकाच वेळी चालतं, त्यामुळे गाडी पटकन हलते. एका थांब्यावर वाया जाणारं अर्धं मिनिट वीस थांब्यांवर दहा मिनिटं होतं, आणि मग वर सांगितलेलं फेऱ्याचं गणित परत बिघडतं. कोळणीची पाटी, भाजीवालीचं गाठोडं, व्हीलचेअर, यांना तर या गाडीत जागाच नाही.

गाडी आणि रस्ता एकमेकांना किती बांधलेले असतात, हे बघायचं तर पुण्याची बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, बघा. मधल्या मार्गिकेतल्या स्थानकांसाठी गाडीला उजव्या बाजूलाही दार लागतं आणि गाडीची जमीन फलाटाच्या उंचीला यावी लागते. नेहमीची डावीकडच्या दाराची गाडी तिथे पाठवली तर तिच्यातून कुणाला उतरताच येणार नाही. मुंबईची दुमजलीही तशीच. १९३७ मध्ये आली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नऊशेच्या आसपास होती आणि डिझेलची शेवटची दुमजली १५ सप्टेंबर २०२३ ला निघाली. फांद्या, तारा, स्कायवॉक आणि दोन वाहकांचा पगार, ही कारणं खरीच होती. पण सीएसएमटी ते एनसीपीएसारख्या छोट्या अंतराच्या, तुडुंब मार्गावर रस्त्याची तेवढीच जागा घेऊन दुप्पट माणसं नेणारं दुसरं वाहन नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत विजेची वातानुकूलित दुमजली याच मार्गावर आधी आली, ते मला मनापासून पटलं. मार्ग बघून गाडी निवडल्याचं हे उदाहरण.

गाडी बदलली की चालकाचं शिक्षणही बदलावं लागतं. विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत, आणि पाय दाबताच ती वेग घेते. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बारा मीटरची विजेची बस गर्दीत घुसून माणसं गेली, तेव्हा अशा गाडीवर बसवण्याआधी चालकाला किती दिवस शिकवलं जातं, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. तो अजूनही विचारत राहायला हवा.

आता तुम्ही काय करायचं. आठवडाभर तुमच्या थांब्यावर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, प्रत्येक गाडी किती वाजता आली आणि किती माणसं चढू न शकता मागे राहिली, एवढंच वहीत लिहा. इमारतीतले चार जण वाटून घ्या. सह्यांचं निवेदन टेबलावर पडून राहतं. वेळा लिहिलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं, कारण तो आमच्याच भाषेत असतो. हा कागद आगार व्यवस्थापकाला आणि वाहतूक विभागाला द्या, एक प्रत नगरसेवकाला द्या.

सोबत माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या एकेका महिन्यात या मार्गावर नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष झाल्या किती, रद्द का झाल्या, आणि तिकीट यंत्रातल्या नोंदीप्रमाणे तासागणिक प्रवासी किती, एवढंच विचारा. ही माहिती प्रत्येक आगारात असते आणि ती ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे. रद्द फेऱ्यांचा आकडा मोठा निघाला, तर तुमचं भांडण मार्गाशी नसून गाड्या रस्त्यावर न आणणाऱ्याशी आहे, आणि त्यासाठी ठेक्यात दंडाचं कलम असतं. मुंबईत गेल्या काही वर्षांत परवडत नाही म्हणून ठेकेदार मध्येच सोडून गेले आणि त्यांच्या छोट्या गाड्यांवर चालणारे उपनगरातले मार्ग उघडे पडले. तुमच्या मार्गावरच्या गाड्यांच्या ठेक्याची मुदत कधी संपते, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.

मागणी लिहिताना ‘पूर्वीप्रमाणे करा’ असं लिहू नका, ते वाचून कुणी पुढे सरकत नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ दर १० मिनिटांनी गाडी, आणि ते जमत नसेल तर त्या वेळात दोन दारांची मोठी गाडी, असं लिहा. तोडलेल्या मार्गावर गर्दीच्या वेळच्या निदान काही फेऱ्या थेट ठेवा, असंही लिहा. थेट फेऱ्या ठेवणं टेबलाला जमण्यासारखं असतं, कारण त्यासाठी नवीन गाडी लागत नाही, वेळापत्रकात दोन ओळी बदलाव्या लागतात. शेवटच्या गाडीची वेळही लेखी मागून घ्या. मार्ग तोडताना सगळ्यात आधी कापली जाते ती रात्रीची शेवटची फेरी, आणि रात्री दहानंतर कामावरून सुटणाऱ्या बायकांना स्टेशनवरून पुढे रिक्षाचे पैसे मोजावे लागतात.

निवेदनाला उत्तर आलं तर इथे लिहा. आकडे दिलेत तर पुढचा अर्ज कसा करायचा ते सांगेन.