आधी कन्सोल, मग बाकीचे

प्रश्न : इंदूरमधील एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअरचे काम करते. सर्व्हरवर देखरेख ठेवणारी नवी बीएमसी चिप आमच्याकडे आली असून तिच्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात) सपोर्ट घालायचा आहे. उत्पादकाने जुन्या कर्नलवरचा भलामोठा पॅच (कोडमधील बदलांचा संच) दिला आहे. तो तसाच मूळ, सर्वांसाठीच्या कर्नल प्रकल्पाकडे पाठवावा का? शिवाय कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचे संदेश नीट दिसतात, कर्नलच्याही पहिल्या काही ओळी वाचता येतात, पण नंतर कन्सोलवर (सिरियल पोर्टवरून संदेश दाखवणाऱ्या पडद्यावर) निव्वळ कचरा उमटतो.
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : कन्सोलपासून सुरुवात करतो, कारण तो वाचता येत नाही तोवर पुढचे सारे काम चाचपडतच करावे लागते. आपल्या वर्णनावरून माझा संशय क्लॉकवर, म्हणजे पोर्टचा वेग ठरवणाऱ्या ठोक्यांवर जातो. अस्पीड या बीएमसी बनवणाऱ्या कंपनीच्या चिपांमध्ये सिरियल पोर्टला २४ मेगाहर्ट्झचा क्लॉक मिळतो आणि रजिस्टरमधील एक बिट लावली की त्याला १३ ने भागले जाते. आपल्या चिपमध्येही अशी सोय असेल, बूटलोडरने ती बिट लावली असेल आणि डिव्हाइस ट्रीत (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलीत) मात्र सरळ २४ मेगाहर्ट्झ लिहिले असेल, तर सेकंदाला ११५२०० बिटांचा वेग साधण्यासाठी कर्नल पुन्हा १३ चाच भाजक निवडतो आणि प्रत्यक्ष वेग ८८७५ च्या आसपास घसरतो. पहिल्या ओळी शाबूत राहतात, कारण अर्लीकॉन, म्हणजे कर्नलचा सुरुवातीचा तात्पुरता कन्सोल, बहुधा बूटलोडरने लावून ठेवलेला वेगच वापरतो. खरा ड्रायव्हर ताबा घेतो आणि अक्षरे बिघडतात. ऑसिलोस्कोपवर पोर्टमधून बाहेर पडणाऱ्या एका बिटची रुंदी मोजावी. ८.७ मायक्रोसेकंदांऐवजी ती ११३ च्या जवळपास भरली, तर चोर सापडला.

आता पॅचविषयी. तो तसाच पाठवू नये. असे गाठोडे कोणताही मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारा) सोडून पाहत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याचे छोट्या पॅचांच्या मालिकांत तुकडे करावेत. पहिल्या मालिकेत क्लॉक, इंटरप्ट कंट्रोलर, टायमर आणि सिरियल एवढेच असावे, म्हणजे बोर्ड लॉगिनपर्यंत पोहोचतो. आयटूसी (चिपांना जोडणारी बस), पंखे आणि व्हिडिओ मागाहून यावेत. जुना ड्रायव्हर चालत असेल तर नवा लिहू नये, मात्र डिव्हाइस ट्रीतील कंपॅटिबल या नोंदीत, जिच्यावरून कर्नल ड्रायव्हर निवडतो, आपल्या चिपचे स्वतंत्र नाव आधी आणि जुन्या चिपचे त्यामागे लिहावे. ही निव्वळ औपचारिकता वाटते खरी, परंतु वर्षभराने आपल्याच चिपमध्ये एखादा दोष उघडकीस आला, तर ग्राहकांकडे गेलेल्या बोर्डांची डिव्हाइस ट्री न बदलता ड्रायव्हर तिला त्या नावावरून ओळखू शकतो. या नावांचे यामल बाइंडिंग (डिव्हाइस ट्रीत काय लिहावे याचे नियम सांगणारी फाइल) स्वतंत्र पॅचमध्ये, ड्रायव्हरच्या आधी द्यावे आणि पाठवण्यापूर्वी डिव्हाइस ट्री त्या नियमांशी ताडून पाहणारे डीटीबीएस-चेक चालवून पाहावे.

उत्पादकाच्या अभियंत्याने लिहिलेला भाग घेतला, तर लेखक म्हणून त्याचेच नाव आणि त्याची साइन्ड-ऑफ-बाय ओळ (कोड देण्याचा हक्क असल्याची सही) कायम ठेवून त्याखाली आपली जोडावी. मर्ज विंडो, म्हणजे मूळ कर्नलमध्ये नवे काम घेण्याचा काळ, जेमतेम दोन आठवड्यांची असते आणि तोवर मेंटेनरच्या शाखेत आलेलेच काम पुढे जाते. म्हणून आरसी-१, म्हणजे ही विंडो बंद होताना येणारी पहिली चाचणी आवृत्ती, निघताच पहिली मालिका पाठवावी, म्हणजे शेरे आले तरी दुरुस्तीला काही आठवडे हाताशी राहतात.