फ्रिजवरचा गणपती खाली पडला

‘मावशी, मी 43 वर्षांची, नवरा 46 चा. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी आम्ही 1974 ची फोक्सवॅगन कॅम्पर घेतली. आत छोटा ओटा, सिंक, बाक उलगडून होणारा पलंग, वर उघडणारं छप्पर. घेतली तेव्हा निम्मी गंजलेली होती. तेव्हापासून आमचे सगळे शनिवार-रविवार दारातल्या त्या गाडीत गेले. वाटणी ठरलेली: आतलं माझं, खालचं त्याचं. मी कपाटं घासून पॉलिश केली, गाद्या शिवल्या, वायरिंग शिकले. तो व्हिडिओ बघून वेल्डिंग शिकला. फेब्रुवारीच्या आत खालचं काम झालं नाही तर गाडी विकून टाकू, असं मी नवीन वर्षाला वैतागून बोलले होते. फेब्रुवारीत तो म्हणाला, “झालं सगळं.” मी श्रीखंड केलं. जूनमध्ये सासूबाई सांगलीहून येतील, त्यांना घेऊन कॉर्नवॉलला जायचं ठरलंय.

गेल्या आठवड्यात गाडीतल्या फ्रिजला लावायला घरातला गणपतीचा मॅग्नेट नेला. हात भरलेले होते, म्हणून जाताजाता सरकत्या दाराखालच्या पट्टीला चिकटवला. तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. दाराला लावला तर घट्ट बसतो, त्याच्याखाली वीतभर कुठेच बसत नाही. बोटाने वाजवून पाहिलं, आवाज ठप्प. मग शेडमध्ये गेले. गवत कापायच्या मशीनमागे पट्टीचं एक नवं कोरं पॅनल, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. शेजारी पुट्टीचे तीन रिकामे डबे.

त्याला काही बोलले नाही. इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी लागत नाही, त्यामुळे बाहेरचं कोणी पकडणार नाही. बोलले तर चार वर्षांवर पाणी. गप्प बसले तर सासूबाई त्याच बाजूला बसणार. मला राग पत्र्याचा आलाय की त्याचा, तेही कळत नाही. – र.’

र.,

आधी गाडीचं. ती गाडी दारातून हलवायची नाही. कॉर्नवॉल दूर राहिलं, कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा नाही. यावर घासाघीस नको.

बावीस वर्षं मी मिरजेला आमच्या गॅरेजचा हिशोब सांभाळला. डेंटिंग-पेंटिंगचं काम होतं आमच्याकडे, त्यामुळे पुट्टी म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. पोचा आलेल्या दारावर पातळ हात मारायला तो लगदा उत्तम. पण मॅग्नेट लोखंडालाच चिकटतो. तो तिथे पडतो, म्हणजे पत्र्याच्या जागी पुट्टी भरली आहे. पण तू म्हणतेस ती पट्टी म्हणजे शोभेची पट्टी नव्हे. तुमच्या गाडीला ट्रकसारखी सुटी चासी नाही. खालचे दांडे, तळाचा पत्रा, बाजूच्या पट्ट्या आणि वरची बॉडी हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, आणि त्या पट्ट्या आतून-बाहेरून तीन पदरी. गाडीचं वजन त्यांनीही पेललेलं असतं. पाण्याचा, चिखलाचा आणि तिकडच्या रस्त्यावरच्या मिठाचा पहिला मार त्यांनाच बसतो, म्हणून त्याच आधी सडतात. गाडीला धडक बसली तर पुट्टीचं पीठ होईल.

एमओटी लागत नाही हे खरं. त्याचा अर्थ सरकारने गाडी ठणठणीत आहे असं लिहून दिलं, असा होत नाही. गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची ठेवायची जबाबदारी मालकाचीच राहते. आणि सक्ती नसली तरी हौसेने तपासून घेता येते. फी जास्तीत जास्त 54.85 पौंड. त्या तपासणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन यांच्या बोल्टांपासून 30 सेंटीमीटरच्या आत सडका पत्रा निघाला तर गाडी नापास. तिथे पुट्टी, फायबर काही चालत नाही, सलग वेल्डिंग लागतं. तुझ्या नवऱ्याला हे माहीत नसेल? चार वर्षं व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला हे पहिल्या महिन्यात कळतं.

म्हणजे तो खोटं बोलला. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. ‘बिचाऱ्याने तुझ्यासाठीच केलं’ असं तुझी एखादी मैत्रीण म्हणेल, तिचं ऐकू नकोस. श्रीखंडाची वाटी हातात घेताना त्याला ठाऊक होतं की दाराखाली काय भरलंय.

पण आता माझं ऐक.

1991 ची गोष्ट. आषाढीला पंधरा दिवस होते आणि एका गिऱ्हाईकाची मॅटाडोर आमच्याकडे उभी होती. त्याला घरच्यांना घेऊन पंढरपूरला जायचं होतं. मागच्या दाराची पायरी सडलेली. आमच्या ह्यांनी सांगितलं, “लिही, पत्रा बदलला, दोन फूट.” मी लिहिलं, पैसे घेतले, पावती फाडली. एकादशीच्या आदल्या दिवशी दुकानात फोन आला. सांगोल्याच्या अलीकडे चहाला थांबले होते, गिऱ्हाइकाची म्हातारी उतरताना तिचा पाय पायरीतून आरपार गेला. घोट्याला खरचटलं, बाकी काही नाही, पण चप्पल आतच अडकून राहिली. हे फोन ठेवून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, “कारागीर आला नव्हता. वेळच नव्हता. पुट्टी मारली.” मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, “तू तारीख दिली होतीस त्यांना.”

दिली होती मी तारीख. त्यांना न विचारता, काउंटरवर बसून.

त्या रात्री हे एसटीने पत्रा घेऊन गेले आणि तिथल्याच एका वेल्डरकडून पायरी करून दिली. मी आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी. माझाच हात त्या पावतीवर होता, म्हणून जास्त राग. तुझ्याही रागात हे थोडं असेल असं मला वाटतं. त्या पुट्टीवर बसवलेल्या कपाटांना तू पॉलिश केलंयस, त्या गाद्या तू शिवल्यात. त्याने फक्त खालचं खोटं केलं नाही, तुझं वरचं खरं कामही त्यावर ठेवलं. हा राग पत्र्याचाही आहे आणि त्याचाही. वेगळा काढत बसू नकोस.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाच: फेब्रुवारीच्या आत झालं नाही तर विकून टाकू. तू ते वैतागून बोललीस, ठीक आहे. मात्र जानेवारीच्या थंडीत, ओल्या फरशीवर पाठ टेकून, डोळ्यांवर गंजाचा भुगा पडत असताना त्याने ते ऐकलं. एक मिलीमीटरच्या आसपासचा जुना पत्रा वेल्ड करताना हात जरा रेंगाळला की भोक पडतं. भोक बुजवायला जावं तर शेजारी दुसरं. आमच्याकडचे पोरगे दोन-दोन वर्षं भंगार पत्र्यावर हात बसवायचे, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या गाडीला लागायचे. तुझ्या नवऱ्याला कुठेतरी जमेना झालं असणार. ‘जमत नाहीये’ म्हणायची जागा तुमच्या वाटणीत नव्हती. आतलं तुझं, खालचं त्याचं. चार वर्षांत तू एकदाही खाली वाकून पाहिलं नाहीस, आणि त्याने तुला कधी बोलावलं नाही. याने त्याचं खोटं माफ होत नाही. ते कुठून आलं एवढंच मी सांगतेय.

तर बोलायचंच. कसं बोलायचं ते जपून. सगळं माहीत असताना ‘त्या बाजूचं वेल्डिंग नीट झालं ना रे?’ असं साळसूदपणे विचारू नकोस. माणूस घाबरून दुसरं खोटं बोलतो, आणि मग तुझ्याकडे भांडायला एकाऐवजी दोन गोष्टी जमतात. सांगलीचा फोन चालू असताना नको, मुलं असतील तर त्यांच्यासमोर नको, रात्री दिवा मालवल्यावर तर नकोच. शनिवारी सकाळी चहा घेऊन गाडीपाशी जा आणि सरळ सांग: “मला शेडमधलं पॅनल दिसलंय. मॅग्नेट लावून पाहिलाय. मला भीती वाटतेय आणि रागही आलाय.” मग थांब. तो बोलेपर्यंत कप धुवायला उठू नकोस.

बहुधा त्याला सुटल्यासारखं होईल. तसं न होता तुझ्यावरच उलटला, ‘तुला त्यातलं काय कळतं’ म्हणाला, तर पुन्हा लिही. मग आपण पैशांच्या हिशोबाचंही बोलू, कारण असं वागणं एका पट्टीपुरतं नसतं.

तो कबूल झाला तर पुढची कामं सोपी नाहीत, पण सरळ आहेत. तिकडे घरी येऊन वेल्डिंग करून देणारे लोक मिळतात. जुन्या गाड्यांची सवय असलेला बघा आणि त्याला पुट्टीसकट सगळं दाखवा. वरून अंडरसील, म्हणजे गंज लागू नये म्हणून खालून फासतात तो लेप, लावला असेल तर तेही सांगा, तापल्यावर पेट घेतं ते. खरवडणं, घासणं तुम्ही दोघांनी करून ठेवलंत तर पैसे वाचतील. या वेळी गाडीखाली तूही जा. जुनी पट्टी कापायच्या आधी गाडीला खालून नीट आधार द्या आणि सरकत्या दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. आधार न देता पट्टी कापली की बॉडी किंचित बसते, आणि मग ते दार जन्मात लागत नाही. लागेल, पण खांदा मारून.

आणि हो, पेट्रोलच्या नळ्या बदलल्यात का विचार. तिकडे सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं, नळ्यांना भेगा पडतात, आणि तुमच्या गाडीत नळी गळली तर थेंब गरम इंजिनाच्या आसपास पडतात. मागचं झाकण उघडून तूच बघ. तू वायरिंग शिकलीस, हे तुला अवघड नाही.

सासूबाईंना खरं सांगा, आणि ते त्याने सांगू दे, तू नाही. आईसमोर कमीपणा येईल म्हणून तो टाळाटाळ करेल. सांगलीची बाई आहे ती, कृष्णेचं पाणी उतरल्यावर घरातली लोखंडी कपाटं कशी होतात ते तिने पाहिलं असेल. गंजाने ती दचकणार नाही. कॉर्नवॉलला जायचंच असेल तर रेडिंगहून तिथल्या पेन्झन्सला थेट रेल्वे आहे, एक्सेटर सुटल्यावर समुद्राला अगदी खेटून जाते. डाव्या खिडकीजवळची सीट त्यांना द्या. गाडी दारात उभी आहे तिथेच छप्पर उघडून, तुझ्या ओट्यावर एकदा चहा करून पाजा त्यांना. दार उघडं ठेवून, गॅस बेताने, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून.

आणखी एक. तू फक्त सरकत्या दाराच्या, म्हणजे डाव्या बाजूचं लिहिलंयस. उजवीकडे मॅग्नेट लावून पाहिला नाहीस असं दिसतंय. शेडमध्ये पॅनल एकच आहे ना? या पट्ट्या घेताना लोक शक्यतो दोन्ही बाजूंच्या एकदमच मागवतात. मग दुसरी कुठे गेली? एकटीने जाऊन तपासू नकोस. शनिवारी त्याच्यासोबत जा आणि मॅग्नेट त्याच्या हातात दे.

– मावशी