भाकरी चिरते, दोष ज्वारीचा की पिठाचा?

प्रश्न : मी सोलापूरहून घरगुती ज्वारीचे पीठ व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन पुण्या-मुंबईला पाठवते. ज्वारी मालदांडी या जातीचीच असते, तरीही थापताना भाकरी चिरते, अशी तक्रार काही ग्राहक करतात. ज्वारी बदलावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, ज्वारी मुळीच बदलू नका. गव्हात ग्लुटेन असते, म्हणून कणीक मळताच लवचीक होते. ज्वारीत ते नसल्यामुळे भाकरीचा सगळा भार पिठातल्या स्टार्चवर आणि मळणाऱ्या हातावर पडतो. उकळते पाणी घातले की साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ धरून ठेवतात. आपल्या आज्या पिठाची उकड काढत, ती याचसाठी.

दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची मात्र विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, जाते, आणि तुमच्या पिठाचे काही दिवस प्रवासात, काही ग्राहकाच्या डब्यात जातात. म्हणून मागणी आल्यावरच दळा, चक्कीवरून आलेले गरम पीठ परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच पिशवीत भरा आणि दळणाची तारीख ठळक लिहा.

पिठाबरोबर एक छोटा व्हिडिओही पाठवा : पिठात आळे करून उकळते पाणी ओतणे, उलथण्याने कालवून झाकणे, कोमट झाल्यावर एकेका भाकरीपुरता गोळा तळव्याने रगडून मळणे. तक्रार आली, तर पाणी गार घेतले होते की उकळते, हे आधी विचारा.