जुन्या रंगातलं शिसं तपासायचं काम: नागपुरात सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: मी नागपूरला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. अमेरिकेत राहणारा आतेभाऊ सांगतो, तिथे जुन्या घरांच्या रंगातलं शिसं तपासणाऱ्यांना परवाना मिळतो. महालातल्या आमच्या वाड्याच्या दारा-खिडक्यांवरही ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. हे काम इथे करता येईल का? एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात पाहिली, तो करू का?

उत्तर: कोर्सचे पैसे आत्ता भरू नकोस. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली. त्याआधीचं घर विकताना किंवा भाड्याने देताना शिशाबद्दलची माहिती द्यावी लागते, त्यामुळे तिथे या तपासणीला गिऱ्हाईक आहे. परवान्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत २४ तासांचं प्रशिक्षण, त्यात हाताने करायचं काम, आणि वर परीक्षा. नुसते व्हिडिओ पाहून मिळालेलं प्रमाणपत्र तिथे चालत नाही, आणि आपल्याकडे तर असं पदच नाही.

आपला नियम नव्या रंगापुरता आहे. २०१६ ची अधिसूचना १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली: घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. म्हणजे पेंटरने ग्रिलसाठी औद्योगिक पिवळा इनॅमल आणला, तर कालपरवा रंगवलेल्या घरातही शिसं शिरू शकतं. पिवळ्या-नारिंगीचा संशय आधी घ्यायचा, कारण लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रंगद्रव्य. जुन्या गजांवरचं शेंदरी अस्तर बहुधा रेडलेडचं, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचं. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजेही तेच.

आता काम कसं चालतं ते बघ. हातात धरायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) यंत्र रंगावर टेकवलं की शिसं मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिसतं. ते क्ष-किरण सोडतं, म्हणून आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतं. विकत घ्यायचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. त्याखेरीज नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे दोन मार्ग उरतात, आणि दोन्हीकडे चूक नमुना घेतानाच होते.

पहिला, रंगाचा पोपडा. साधारण ५ सेंमी बाय ५ सेंमी तुकडा, लाकडापर्यंतचे सगळे थर धरून. वरचाच थर खरवडला तर आजोबांच्या काळचा थर तसाच राहतो. उलट बाजूने, खालचं प्लास्टर सोबत आलं तर आकडा पातळ होतो: २,००० पीपीएमच्या रंगात तितक्याच वजनाचं प्लास्टर मिसळलं की प्रयोगशाळा प्रामाणिकपणे १,००० सांगते. हा आकडा ९० शी ताडायची घाईही नको, ती मर्यादा नव्या रंगाची आहे. अमेरिकेत जुन्या थराला शिशाचा रंग म्हणायची रेषा ०.५ टक्के, म्हणजे ५,००० पीपीएम.

दुसरा, धूळ. रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जाते ती मुख्यतः हीच, कारण खिडकी उघड-बंद होताना रंग घासून भुकटी होते. जमिनीवर एक चौरस फुटाचा साचा ठेवायचा, नवे हातमोजे, ओला वाइप (पुसायचा कागदी रुमाल). आडवे फटकारे, मळकी बाजू आत घेऊन घडी, उभे फटकारे, पुन्हा तशीच घडी, मग कडा. आणि थेट झाकणाच्या नळीत. पिशवीत टाकलास तर धूळ पिशवीलाच चिकटते. न वापरलेला एक वाइपही सोबत पाठवायचा, म्हणजे वाइपमध्येच शिसं होतं का ते कळतं.

रंग बदलणाऱ्या काड्यांवर भिस्त ठेवू नकोस. ऱ्होडिझोनेट या रसायनाची काडी शिशावर गुलाबी होते, पण लाल रंगच काडीला लागला तरी तशीच दिसते, आणि जिप्समच्या प्लास्टरवर शिसं असूनही कोरी राहू शकते.

तुझ्यासाठी माझा सल्ला असा: नमुना आणि त्याचं पृथक्करण हेच तुझं खरं भांडवल. विश्लेषणात्मक किंवा पर्यावरण रसायनशास्त्रात एमएस्सी कर, आणि एएएस व आयसीपी ही धातूंचं प्रमाण मोजणारी यंत्रं स्वतः चालवायला शिक. नागपुरात नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे. प्रकल्पासाठी तिथे विचारून बघ. रंगाच्या रसायनातच रस असेल तर एलआयटी या नागपूरच्याच तंत्रज्ञान संस्थेचे रंग-लेपाचे अभ्यासक्रम बघून घे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या खासगी प्रयोगशाळांत पाणी, माती, खेळणी, मसाले सगळं येतं, आणि हळदीतल्या लेड क्रोमेटच्या भेसळीसाठीही हीच यंत्रं लागतात. नोकरी तिथे आहे. घरांची तपासणी ही त्यातली एक फांदी होईल. पुढे अमेरिकेला गेलीसच, तर शिशाच्या धोका-मूल्यांकनाच्या परवान्याला पदवी आणि संबंधित कामाचा वर्षभराचा अनुभव विचारात घेतला जातो, तेव्हा हेच कामी येईल.

राहिला तुमचा वाडा. दिवाळीआधी पेंटर आला की कोरडा पॉलिश पेपर फिरवू देऊ नका, ब्लो-लॅम्पने रंग जाळू तर अजिबात देऊ नका. पोपडे सुटले असतील तेवढेच, पाणी फवारून खरवडा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, लहान मुलं दुसऱ्या खोलीत, आणि नाकावर रुमाल नव्हे, अतिबारीक धूळ अडवणाऱ्या एचईपीए फिल्टरचा मास्क. झाडू न मारता साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून काढा. कूलर बसवायची खिडकी आधी करून घ्या, नाहीतर तिथली भुकटी उन्हाळाभर आत येत राहील.